समुद्र जुलैतही तापलेला असतो, मग वादळ का नाही?

वरचा हा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. साडेसव्वीस अंशांचं पाणी, तेही साधारण 50 मीटर खोलीपर्यंत, ही चक्रीवादळाची फक्त पहिली अट झाली. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर चढते, खाली दाब उतरतो आणि नवी दमट हवा ओढली जाते. हे चक्र टिकायला ढगांचा खांब सरळ उभा राहावा लागतो. भर पावसाळ्यात खाली पश्चिमेचे वारे, तर 12-15 किलोमीटर उंचीवर पूर्वेचे जोरकस. खांब तिरपा होतो, उष्णता मध्याशी साचत नाही. त्यामुळे गाडी बहुधा डिप्रेशनपर्यंतच, म्हणजे चक्रीवादळाहून कमजोर अशा कमी दाबाच्या क्षेत्रापर्यंतच जाते. ताशी 62 किलोमीटर वारा झाला तरच चक्रीवादळ म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरखालच्या वाऱ्यांतला हा फरक कमी होतो.

जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते आणि वारा पडतो, पण ढगांतली ओल लगेच संपत नाही. म्हणून आंध्र किनाऱ्याला धडकलेल्या वादळाचा पाऊस गडचिरोली-गोंदियापर्यंत येऊ शकतो. ‘वादळ विरलं’ ही बातमी ऐकून धानाच्या कडपा (कापलेलं पीक) बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पसरून ठेवू नका. वाळल्या असतील तर आधीच उंचवट्यावर पुंजणं (ढीग) घालून ताडपत्री टाका, आणि कपाशीची फुटलेली बोंडं पावसाआधी वेचून घ्या. भिजलेल्या कापसाची प्रत उतरते.