टेस्टचे फोल्डर कसे लावावेत: आधी मॉड्यूल की आधी टेस्टचा प्रकार?

गोदाकाठ:
नमस्कार. मी नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. कांदा व्यापाऱ्यांसाठी आम्ही पायथनमध्ये सॉफ्टवेअर बनवतो: लिलाव, भुईकाटा, हिशोबपट्टी सगळं त्यात येतं. कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट सहा वर्षांत दोन हजारांवर गेल्यात.

मागच्या आठवड्यात एका पट्टीत २३ क्विंटल ६५ किलोंचे २३.६ क्विंटल धरले गेले. पाच किलोंचे पैसे शेतकऱ्याला कमी. व्यापाऱ्यानं ते लगेच भरून दिले, पण मला रात्री झोप आली नाही, कारण नेमकी हीच टेस्ट मी स्वतः लिहिली होती. फाइलचं नाव होतं ‘वजन_टेस्ट्स.पीवाय’. टेस्ट शोधून चालवणारं पायटेस्ट मुळात ‘टेस्ट_’नं सुरू होणाऱ्या किंवा ‘_टेस्ट’वर संपणाऱ्या फाइलीच उचलतं. शेवटच्या एका ‘एस’मुळे माझी टेस्ट आठ महिने एकदाही चालली नव्हती, आणि इकडे रोज सगळं हिरवं दिसत होतं.

आता सगळंच नीट लावायचंय. सध्या वर ‘युनिट’ (एकेका भागाच्या टेस्ट) आणि ‘इंटिग्रेशन’ (अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या टेस्ट) असे दोन फोल्डर आहेत आणि आत मनाला येईल तसं. ‘टेस्ट_हिशोब’ नावाच्या दोन फाइली वेगवेगळ्या फोल्डरात ठेवल्या की पायटेस्ट अडतं, म्हणून कुणीतरी ‘टेस्ट_हिशोब_२’ केलंय. वाराईचे (हमालीसारखाच एक आकार) तर दोन फोल्डर सापडले, एक ‘व्ही’नं लिहिलेला, एक ‘डब्ल्यू’नं! आधी मॉड्यूल (पट्टी, वाराई असा सॉफ्टवेअरचा एकेक भाग) ठेवू की आधी टेस्टचा प्रकार?

सातपूरकर:
ताई, आधी मॉड्यूल. पट्टीचा कोड बदलणाऱ्याला पट्टीच्या सगळ्या टेस्ट एका जागी दिसल्या पाहिजेत. कोडमध्ये जे फोल्डर, तेच ‘टेस्ट्स’खाली, अक्षर न् अक्षर तसंच. वाराईचं स्पेलिंग टेस्ट लिहिणाऱ्यानं ठरवायचंच नाही, ते कोडमधून येईल. हळू कोणती, जलद कोणती हे मार्करनं (टेस्टवर लावायच्या खुणेनं) सांगा आणि ‘स्ट्रिक्ट मार्कर्स’ चालू ठेवा, म्हणजे मार्करचं नाव चुकलं तर तिथेच एरर येईल.

एकाच नावाच्या फाइलींसाठी प्रत्येक फोल्डरात ‘इनिट’ फाइल ठेवा (म्हणजे तो फोल्डर पायथनचं पॅकेज होतो), किंवा पायटेस्ट फाइली कशा लोड करतं ते ठरवणारा इम्पोर्ट मोड ‘इम्पोर्टलिब’ करा. सर्वांत वरच्या फोल्डरचं नाव ‘टेस्ट’ नको, ‘टेस्ट्स’ ठेवा. पायथनचं स्वतःचं ‘टेस्ट’ नावाचं पॅकेज आहे, उगाच गोंधळ होतो.

द्राक्षमळा:
मी थोडा वेगळा विचार करतो. पायटेस्टच्या कॉनफटेस्ट फाइलीतले फिक्स्चर (टेस्टला लागणारी आधीची तयारी) त्या फोल्डरला आणि त्याखालच्यांनाच मिळतात. आमच्याकडे आधी प्रकार आहे, त्यामुळे डेटाबेसचं फिक्स्चर ‘इंटिग्रेशन’च्याच कॉनफटेस्टमध्ये राहतं. युनिट टेस्टमध्ये कुणी चुकून डेटाबेस मागितला, तर फिक्स्चर सापडतच नाही. ही भिंत मार्करनं उभी राहत नाही. प्रकाराच्या नावाच्या फोल्डरांवर माझा भरवसा यामुळेच आहे.

सिडको_जावा:
जावात हे मेव्हन या बिल्ड टूलनं बरंचसं ठरवून टाकलंय. ‘मेन’ आणि ‘टेस्ट’ अशी दोन झाडं, दोन्हीकडे पॅकेज तेच, त्यामुळे पॅकेजपुरत्या उघड्या मेथडही तपासता येतात. नाव ‘टेस्ट’वर संपलं तर मेव्हनचं शुअरफायर प्लगइन चालवतं, ‘आयटी’वर संपलं तर फेलसेफ. म्हणजे तुमच्यासारखी चूक इथेही होऊ शकते.

काहीही हलवण्याआधी पायटेस्टला ‘कलेक्ट ओन्ली’नं फक्त यादी काढायला सांगा. हलवल्यावर पुन्हा काढा आणि आकडे जुळवा. हलवण्याच्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) फाइलीच्या आत काहीच बदलू नका. कोडचा इतिहास ठेवणारं गिट नाव बदललेली फाइल मजकुराच्या साम्यावरून ओळखतं. सोबत आतलंही बरंच बदललं, तर जुना इतिहास शोधताना धागा तुटतो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी मॉड्यूल ठरवलं. पण द्राक्षमळादादांची भिंतही हवी होती, म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या आत ‘डेटाबेससह’ असा एकच वेगळा फोल्डर केला आणि कॉनफटेस्ट तिथेच ठेवली. ‘युनिट’ हे नाव काढूनच टाकलं. ते कशाला म्हणायचं यावर आमच्यात कधी एकमत नव्हतंच, डेटाबेस लागतो की नाही हे मात्र सगळ्यांना कळतं.

आज फक्त पट्टीचं मॉड्यूल हलवलं. आधी यादीत ३१२ टेस्ट, नंतरही ३१२. मग वेगळ्या कमिटमध्ये नावं दुरुस्त केली, तर ३३१ झाल्या. वजनाच्या फाइलीत सहाच टेस्ट होत्या. उरलेल्या तेरा आणखी दोन फाइलींमध्ये तशाच पडून होत्या. त्यातल्या दोन लाल (नापास) आहेत, दोन्ही हमालीच्या. उद्या सकाळी आधी त्या बघते, मग वाराईचे दोन फोल्डर एक करते.