मारुती ८०० : इंजिनातून ऑईल गळते, होस पाईपही जुने झाले आहेत – मदत हवी आहे

गिरगावकर : वडिलांनी घेतलेली मारुती ८०० माझ्याकडे आहे आणि तिच्या इंजिनातून ऑईल गळते. सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली काळा डाग असतो, सोसायटीने आता लेखी पत्र दिले आहे, आणि सिग्नलला थांबले की बॉनेटमधून जळक्या ऑईलचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो की मागचे ऑईल सील (गिअर बॉक्सच्या बाजूला इंजिनातले ऑईल अडवणारी रबरी कडी) गेले आहे, त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावा लागेल आणि त्याच कामात सगळे होस पाईप बदलता येतील. हे काम करावे की नाही, एवढेच कृपया सांगा; शनिवारी गाडी द्यायची आहे.

स्पॅनर : गाडी कोणत्या सालची, कार्बोरेटरची की एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची), आणि डाग नेमका कोणत्या बाजूला पडतो, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मालाडचा प्रवासी : इंजिन जुने असेल तर २०डब्ल्यू-५० ऑईल घाला. दाट ऑईल कमी गळते आणि खर्चही वाचतो. माझ्या गाडीत मी हेच केले आहे.

गिरगावकर : १९९७ ची आहे, कार्बोरेटरची. डाग गिअर बॉक्सच्या बाजूला पडतो, म्हणूनच तर मेकॅनिक मागचे सील म्हणतो आहे.

स्पॅनर : मग अजिबात घाई करू नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या टोकाला, गिअर बॉक्सच्याच बाजूला बसतो आणि कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) वयाने कडक झाली की तिथून झिरपलेले ऑईल हेडवरून ओघळत गिअर बॉक्सच्या घंटेसारख्या कव्हरवर (बेल हाउसिंग) उतरते आणि खालून पाहणाऱ्याला हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगचेही तेच. आधी इंजिन पुसून कोरडे करून घ्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, थोडी गाडी चालवा आणि ओली रेघ कुठून सुरू होते ते वरून खाली पाहत या. ओ-रिंग बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागत नाही. फक्त डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवावी, नाहीतर ठिणगीचे टायमिंग बिघडते.

मालाडचा प्रवासी : एवढा खटाटोप कशाला? टॅपेट कव्हरला सिलिकॉन सीलंट लावून बोल्ट घट्ट आवळले की काम होते.

जुना फिटर : माफ करा, पण हा सल्ला कुणी मानू नये. बोल्ट जास्त आवळले की रबरी पॅकिंग चेपते आणि गळती वाढते, आणि आत सुटलेला सिलिकॉनचा तुकडा ऑईल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. दाट ऑईलनेही कडक झालेले रबर मऊ होत नाही. मुळात ऑईल बाहेर ढकलले का जाते, ते आधी पाहा. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा ब्रीदर पाईप (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) काढून आत काजळी साचली आहे का ते बघा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) दाब साठतो आणि नवे सीलसुद्धा टिकत नाही.

ठाणे ते दादर : गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा आरटीओकडून फेरनोंदणी आणि ग्रीन टॅक्स यांचे काय केलेत?

गिरगावकर : कागदपत्रे पूर्ण आहेत, प्रश्न ऑईलचा आहे. आत्ताच ब्रीदर पाईप काढला. आतून खरवडल्यावर काळा, डिंकासारखा थर निघाला. भोक जेमतेम पेन्सिल जाईल एवढे उरले होते, आणि टोकाला चिरा पडलेल्या आहेत. आता ऑईल सील बदलायचे की नाही?

जुना फिटर : आत्ता नाही. ब्रीदर नवा घाला, ओ-रिंग आणि टॅपेट पॅकिंग बदला, मग पावडरची परीक्षा करा. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण काढून पाहा; धूर जोराने फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावे लागेल.

स्पॅनर : होस पाईप मात्र गळती थांबवल्यावरच बदला, कारण रेडिएटरच्या पाईपचे रबर ऑईलने फुगते आणि सैल पडते. इंजिन थंड असताना प्रत्येक पाईप क्लिपजवळ दाबून पाहा. पिचपिचीत लागला किंवा चिरा उघडल्या तर तो बाद. हीटरचे पाईप मागे दडलेले असतात आणि बहुतेक वेळा विसरले जातात. नवा पाईप चढवण्याआधी लोखंडी नळीवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपते. पेट्रोलचा पाईपही बदलाच, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते.

गिरगावकर : हे पाईप कुठे मिळतील?

जुना फिटर : गिरगावात राहत असाल तर ऑपेरा हाऊसजवळची स्पेअर पार्टची दुकाने तुम्हाला चालत जाण्याइतकी जवळ आहेत. वळणाचे पाईप मीटरवर मिळणाऱ्या सरळ नळीतून कापून घेऊ नका, ती वळणावर दुमडते. जुना पाईप सोबत नेऊन आकार जुळवूनच नवा घ्या.