'ॲडहिअरन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

रफार: मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. 'ॲडहिअरन्स'पाशी अडलंय. म्हणजे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट वगैरे, शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत, वर्षानुवर्षं घेत राहणं, तपासणीच्या तारखा न चुकवणं. मी 'औषधोपचाराचं अनुपालन' लिहिलं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून 'पथ्यपाणी' केलं. पथ्यपाणी म्हटलं की मला फक्त ताट दिसतं. आणि 'नॉन-ॲडहिअरंट पेशंट'चं काय करू? जुन्या खर्ड्यात चक्क 'बेशिस्त रुग्ण' होतं, ते मी उडवलं.

अवग्रह: डॉक्टर बरोबर आहेत. पथ्य हे पथिन् वरून आलं. वाटेला धरून असतं ते पथ्य. खाण्यापुरतं आपण आक्रसवलं, तो शब्दाचा दोष नाही.

जावक_क्रमांक: अनुपालन तर नकोच. लेखापरीक्षणाच्या आक्षेपांवर 'अनुपालन अहवाल' धाडण्यात माझी उमेद गेली. पुस्तिकेत हा शब्द दिसला की वाचणारा गोळी नाही, सही-शिक्का शोधेल.

गोळीवाली: औषधाच्या काउंटरवर यातलं काहीच कुणी बोलत नाही. 'गोळी राहिली', 'डोस चुकला', 'दोन दिवस खाडा पडला'. अनुपालन तर लोक अनुपान वाचतात आणि विचारतात, कशाबरोबर घ्यायची? प्रश्न वाईट नाही म्हणा. ग्रेपफ्रूटच्या रसाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते.

उगाच_एक: खाडा! नागा फारसीकडून आला, खाडा मात्र आपला. 'बिनखाडा' करा की.

रफार: 'बिनखाडा रुग्ण'? हजेरीपटावरचा वाटतो.

कानामात्रा: आमच्या घरात 'नेम' म्हणतात. दादाचं प्रत्यारोपण झाल्यापासून सकाळ-संध्याकाळचा नेम. औषधाची पातळी बघायचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हा नेमाने गोळी घेऊन गेला. आकडा वर आला आणि फाइलवर शेरा पडला, 'सूचना पाळत नाही'. तो शेरा पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच्याआधी डॉक्टरांपर्यंत पोचायचा.

अवग्रह: नेम छान आहे, पण 'नेम चुकला' म्हटल्यावर बंदूक आठवते.

कानामात्रा: तुम्हाला आठवते. आईला नाही आठवत.

रफार: दादाचं उदाहरण नेमकं माझ्या अडचणीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात फरक केलाय तो हाच: कॉम्प्लायन्स म्हणजे सांगितलेलं ऐकणं, ॲडहिअरन्समध्ये रुग्णाची संमती धरलेली आहे. पालन, अनुपालन, आज्ञापालन, सगळ्यांत एक जण सांगतो आणि दुसरा मान डोलावतो.

उगाच_एक: मूळ लॅटिन धातूचा अर्थ चिकटणे. मग 'चिकाटी'! चिकटण्यातूनच आलेली. झाला अनुवाद, मानधन निम्मं माझं.

गोळीवाली: आणि मूत्रपिंड गेलं की लिहा, 'चिकाटी कमी पडली'. टॅक्रोलिमसने हात थरथरतात, प्रेडनिसोलोनने चेहरा सुजतो. सतरा वर्षांची मुलगी आरशात बघून गोळ्या बंद करते. कुणाला परवडत नाहीत, कुणी विसरतं, कुणाला तब्येत ठणठणीत असताना औषध कशाला हेच कळत नाही. या सगळ्यांना मिळून एक विशेषण कशाला हवं? 'ज्यांच्या गोळ्या चुकतात ते' लिहा. जागा जास्त जाईल, जाऊ दे.

अवग्रह: चार शब्दांत बोलायचं तर परिभाषा कशाला घडवली आपण?

गोळीवाली: तेच विचारतेय.

जावक_क्रमांक: मुळात 'प्रत्यारोपण' हा शब्दच खटकतो. आरोप-प्रत्यारोप झाल्यासारखा. म्हणून रुग्णावर खापर फुटतं की काय!

अवग्रह: विनोद सोडा, धातू एकच आहे, रुह्. आरोप, आरोपण आणि शेतातलं रोपही त्यातलंच. जुन्या पुस्तकांत 'प्रतिरोपण' असतं, तेच शुद्ध. मधला 'आ' कुणी घुसडला?

गोळीवाली: रोप तरी कुठे बसतं? लावणीचा भात मूळ धरतो आणि मोकळा होतो. इथे शरीर परक्या अवयवाला कधीच पूर्ण आपलं म्हणत नाही, म्हणून तर गोळ्या सुटत नाहीत. 1954 साली बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड बसवलं ते एकसारख्या जुळ्या भावाचं. तिथे या गोळ्यांची गरजच नव्हती.

उगाच_एक: मग 'कलम' म्हणा. अरबी आहे, अवग्रहांना झोप लागणार नाही.

रफार: मंडळी, मजकूर उद्या छापायला जातोय. तूर्त शीर्षकात 'औषधांचा नेम' ठेवतेय आणि आत गोळीवालींचं लांबलचक वाक्य. डॉक्टर पुन्हा पथ्यपाणी करतीलच.

अवग्रह: ते ठेवा, पण मुखपृष्ठावर तरी प्रतिरोपण करा.

जावक_क्रमांक: प्रति + आ + रोपण. 'आ' उपसर्ग आहे, घुसडलेला नाही. आरोपण चालतं तर प्रत्यारोपण का चालू नये?

अवग्रह: चालतं म्हणजे शुद्ध होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?