अनुभव धागा : पहिलं लग्न (दुसऱ्याचं, कॅमेरा मात्र आपला)

धागाकर्ता

माझ्या पोराने आठ महिन्यांपूर्वी कॅमेरा घेतला. आता मावसभाऊ म्हणतो, "लग्नाचे फोटो तूच काढ, बाहेरचा माणूस कशाला?" पोरगं खुशीत, आणि माझ्या पोटात गोळा. ज्यांनी ज्यांनी ओळखीच्या लग्नात असा पहिला कॅमेरा गळ्यात अडकवला असेल त्यांनी लिहा. फजिती आधी, शहाणपण नंतर.

सुरुवात मी करतो. साल १९९६, चुलतबहिणीचं लग्न, मित्राकडून मागून आणलेला पेंटॅक्स के१०००, रोलवाला कॅमेरा. फ्लॅश लावला की शटर १/६० वर (म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर) ठेवायचं, एवढाच मंत्र पाठ. सकाळी गौरीहाराला बसलेल्या ताईचे फोटो काढत सुटलो. रोल छत्तीस फोटोंचा. आकडा छत्तीसवर गेला, सदतीस झाले, अडतीसही झाले. मी मनात म्हणतोय, कंपनीने दोन जास्तीचे दिले वाटतं! चाळिसाव्याला शंका आली. कार्यालयाच्या मोरीत दार लावून, अंधारात चाचपडत मागचं झाकण उघडलं, तर रोलचं टोक होतं तिथेच. दातऱ्यात अडकलंच नव्हतं. पुढचा फोटो घ्यायला खटका ओढला की डावीकडची गुंडाळायची चक्री आपोआप फिरते, ती फिरत नसेल तर आत फिल्म सरकत नाही, हे मला त्या दिवशी संध्याकाळी स्टुडिओवाल्याने सांगितलं.

काकूंना सांगायची हिंमत नव्हती. ताईलाच सांगितलं. ती बिचारी जेवणं झाल्यावर शालू उतरवून परत अष्टपुत्री नेसली, मुंडावळ्या बांधल्या, अन्नपूर्णेसमोर बसली. दोन रोल खात्री करून भरले होते, सगळे फोटो झकास आले. फक्त गळ्यात मंगळसूत्र. गौरीहाराला! अल्बम बघणारी प्रत्येक बाई त्या पानावर थांबते.

लोलक

माझ्या वेळी अंतरपाट. दादाच्या मेव्हण्याचं लग्न, माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आणि उसनी ५० एमएमची लेन्स. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा वाटलं, आठ तर आहेत, पाचव्या-सहाव्याला लेन्स बदलून घेऊ. पण हौशी आत्या, शाळेतल्या बाई, वराचे काका, सगळ्यांनी स्वतः रचून आणलेली. कितवं चाललंय याचा हिशोबच लागेना. मी लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड उघडं, आणि कोणीतरी "सावधान" म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून अक्षतांची मूठ आली. एक तांदूळ थेट आत, आरशाच्या कडेला. कुंकवाने लाल झालेला, त्यामुळे दिसला तरी. मी तो फुंकरीने बाहेर काढतोय तोवर बँड वाजला. पाट गेला, हार पडले, माझ्याकडे आहे तो फोटो नवऱ्या मुलाच्या मामांच्या पाठीचा.

पुढच्या लग्नाला गुरुजींना आधीच गाठलं. ते हसले आणि म्हणाले, "मोजू नका. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' ऐकू आलं की बोट शटरवर. त्यानंतर पाट राहत नाही." तेव्हापासून मी मंगलाष्टकं कानाने बघतो. उभं कुठे राहायचं तेही त्यांनीच सांगितलं. पाटाच्या टोकाशी, बाजूला. समोर राहिलात तर एकच चेहरा मिळतो.

निंबाखालचा

आमच्याकडे लातूरकडे मे महिन्यातलं लग्न, दुपारी बाराचा मुहूर्त, वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव. माणसं अशी दिसली की गावदेवाला शेंदूर फासलाय. बघितलं होतं की फ्लॅश छताकडे वळवला की उजेड मऊ येतो. पांढऱ्या छताला ते खरं. लाल कापडाला आपटून लालच येतो, आणखी गडद. रात्री घरी बसून रंग सुधारत होतो, तर नवरी ताळ्यावर आली की नवरा हिरवा.

जमलं ते एकच. सप्तपदीनंतर दोघांना दहा मिनिटं मागून घेतली आणि मांडवाबाहेर निंबाच्या सावलीत उभं केलं. अल्बमच्या मुखपृष्ठावर तोच आहे. बाकी निम्मा अल्बम कृष्णधवल करून दिला. लोक म्हणाले, "काय कलात्मक आहे!" मी गप्प.

पंगत पहिली

नावावरून कळलं असेलच. व्यवस्थापक म्हणाले, "फोटोग्राफर, बसून घ्या, मग वेळ मिळणार नाही." बसलो. मठ्ठा येईपर्यंत तिकडे कानपिळी झाली. नवरीच्या भावाने म्हणे इतका जोरात कान पिळला की नवरदेव ओरडला आणि अख्खं कार्यालय हसलं. वीस वर्षं हा किस्सा ऐकतोय, फोटो नाही. विधी होमाशी चालू असतील तोवर जेवायला बसू नका. बसलात तर कॅमेरा मांडीवर ठेवून, होमाकडे तोंड करून.

आणि माणसं! मी ७०० फोटो काढले, त्यात नवऱ्याची थोरली आत्या एकाही फोटोत नाही. मला ती आत्या आहे हेच माहीत नव्हतं, साधीशी साडी नेसून कोठीघरात नारळ-सुपाऱ्यांचा हिशोब ठेवत होती. तिने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. आता मी घरातली एक चुणचुणीत मुलगी बरोबर घेतो, दहा-बारा वर्षांची. कोण कोणाचं कोण, कोण कोणावर रुसलंय, तिला सगळं ठाऊक असतं.

मोगरा

वरचे सगळे पुरुषच दिसतायत, म्हणून लिहिते. माझं पहिलं लग्न म्हणजे माझ्याच बहिणीचं, एप्रिल २०२१. ठरवलेला फोटोग्राफर तापाने आडवा. राज्यात नियम होता, २५ माणसं आणि २ तास. त्या पंचविसात मी एक, म्हणजे करवलीही मी आणि फोटोग्राफरही मीच. नऊवारीवर कॅमेऱ्याचा पट्टा, हातात करा, आणि घामाने मास्क नाकावरून घसरतोय. "मास्क काढा, श्वास धरा, हं!" असं म्हणत फोटो काढले.

पण नवरीच्या खोलीत मला कोणी बाहेर काढलं नाही. नऊवारी नेसवणाऱ्या मावशी ओचा खोचताना पिन तोंडात धरून आईला आपल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या, आई ऐकता ऐकता रडत होती, बहीण आरशात दोघींकडे बघत होती. तिघींचे तीन चेहरे एका चौकटीत आले. कॅमेरा कुठल्या मोडवर होता, मला आजही सांगता येणार नाही.

दुसरा फोटो माझा नाही खरं तर, नशिबाचा. आजी गावी, व्हिडिओ कॉलवर. मामेभावाने मोबाइल उंच धरलेला. "सावधान" झालं आणि तिकडे आजीने अक्षता टाकल्या, स्वतःच्या फोनवर. पडद्यावर तांदूळ पडतानाच क्लिक झाला.

बिनफ्लॅश

थोडक्यात. हॉलमध्ये एलईडीची रोषणाई असेल आणि फोटोंत आडवे काळपट पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. शटर १/१०० वर किंवा १/५० वर आणा, पट्टे बहुतेक जातात. मला हे साखरपुडा संपल्यावर कळलं. आणि दोन कॅमेरे असतील तर आदल्या रात्री दोघांची घड्याळं जुळवा. माझ्याकडे पाठवणी हळदीच्या आधी झाली होती.

तिसरा साक्षीदार

नोंदणी विवाह. तीन साक्षीदार लागतात, मित्राने मलाच तिसरा केला आणि वर "फोटोही काढ". सगळं सात-आठ मिनिटांत आटोपलं. नवरीची सही करताना पेन चालेना, साहेबांनी स्वतःचं दिलं. तेवढाच एक प्रसंग घडला, आणि तो मी टिपला. माझ्या सहीचा फोटो कोणाकडेच नाही.

@पंगत पहिली, तुम्ही पैसे घेतले होते का?

पंगत पहिली

टोपी, टॉवेल, नारळ. आणि तो मठ्ठा.

धागाकर्ता

पोराला सगळं वाचायला लावलं. चक्री फिरली की नाही हे बघायची त्याला गरजच नाही म्हणे, पडद्यावर लगेच दिसतं. एलईडीचं लिहून घेतलं. मग बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि विचारतो, "बाबा, कानपिळी म्हणजे काय?"

लग्न चौदा दिवसांवर आलंय.