मदत हवी आहे: लँडलाइन आणि मोबाइलचे कॉल एकाच गेटवेवर आणायचे आहेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

अंबडला आमचं फवारणी यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर्कशॉप आहे, दुसरं काउंटर पिंपळगाव बसवंतला. 0253 च्या दोन लँडलाइन वडिलांच्या काळापासूनच्या. निफाड-दिंडोरीकडच्या जुन्या बागायतदारांकडे तेच नंबर आहेत, म्हणून ते सोडायचा प्रश्नच नाही. तरुण पोरांकडे मात्र आमचे मोबाइल नंबर.

ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या धास्तीने सगळीकडे एकदम फवारण्या निघतात आणि उजाडताच फोन सुरू होतात. टाकीत औषध कालवून ठेवलंय, फवारणीचा एचटीपी पंप प्रेशर धरत नाही, मजूर बांधावर बसून आहेत, असा माणूस पलीकडे असतो. त्याला एंगेज लागणं मला खरंच सहन होत नाही. चार मोबाइल चार जणांच्या हातात. कोणाला कोणी काय सांगितलं याचा मेळ नाही. म्हणून सगळे कॉल एका आयपी पीबीएक्सवर, म्हणजे इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या दुकानाच्या स्वतःच्या एक्स्चेंजवर, घ्यायचे आहेत.

एका विक्रेत्याने दोन एफएक्सओ पोर्टचा (लँडलाइनची तार लावायची जागा) गेटवे, म्हणजे लाइन पीबीएक्सला जोडणारा बॉक्स, चाचणीला दिलाय. आवाज स्वच्छ येतो. पण समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही, आणि कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नाही. विक्रेता म्हणतो लाइनच खराब आहे. त्याच लाइनवर साधा फोन लावला तर नंबर दिसतो!

मोबाइलसाठी तो जुना चार सिमचा जीएसएम गेटवे (सिमवरचे कॉल पीबीएक्सला जोडणारा बॉक्स) स्वस्तात देतोय. वर सल्ला असा, की त्यात अनलिमिटेड सिम टाका आणि इतर दुकानदारांचे कॉलही इंटरनेटवरून घेऊन त्यातून फिरवा, बॉक्सचे पैसे निघतील. हे मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1

भाऊ, इतर दुकानदारांचे कॉल फिरवायचे नाहीत म्हणजे नाहीत. इंटरनेटवरून आलेले परक्यांचे कॉल सिममधून बाहेर काढणं म्हणजे सिमबॉक्सचाच धंदा. 2023 च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवा दिली तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. सिम दुकानाच्या नावावर, कॉल दुकानाचेच, एवढंच ठेवा. अनलिमिटेड प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतात, त्यामुळे सिम घेतानाच व्यावसायिक प्लॅन मागा. जुना बॉक्स 2जीचा असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही. त्यांचं नेटवर्क 4जीपासून सुरू होतं. व्होल्टी (4जीवरूनच कॉल) चालणारा गेटवेच बघा.

आता लाइन न सुटण्याचं. असे बॉक्स बऱ्याचदा अमेरिकन टोनवर सेट होऊन येतात. तिकडचा बिझी टोन 480 आणि 620 हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला 400 हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. समोरच्याने फोन ठेवल्यावर येणारा टोन गेटवेला ओळखताच येत नाही, म्हणून तो लाइन धरून बसतो. देश ‘भारत’ निवडा. तो पर्याय नसेल तर हे आकडे हाताने भरा. नंबर दिसण्यासाठी कॉलर आयडीची पद्धत एफएसकेऐवजी डीटीएमएफ (बटणं दाबल्यावर येतात तसले टोन) करा. आपल्या तांब्याच्या लाइनवर नंबर बहुधा पहिल्या रिंगच्या आधीच, पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) बदलून येतो. लाइनला दोष देण्याआधी विक्रेत्याने हे बघायला हवं होतं.

प्रतिसाद 2

पिंपळगावला इंटरनेटवरून जोडताना जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण 90 केबीपीएस धरा. चार कॉलना स्पीड पुरतो, आवाज तुटतो तो पॅकेट उशिरा पोचल्यामुळे. राउटरवर आवाजाला प्राधान्य द्या. एसआयपीचा (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) 5060 पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, पासवर्ड बदला आणि ऑपरेटरकडून आयएसडी बंदच करून घ्या. रात्रीतून परदेशी कॉल करून बिल फुगवणारे टपलेलेच असतात. राउटर, गेटवे आणि पीबीएक्स तिन्ही यूपीएसवर घ्या. साध्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज मिळते, या बॉक्सना नाही.

लँडलाइनवर आलेला कॉल पिंपळगावला स्वतःच्या इंटरनेटवरून ट्रान्सफर करायचा असेल तर आधी ऑपरेटरला लेखी विचारा. सरळ मार्ग म्हणजे परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक, म्हणजे तांब्याच्या तारेऐवजी इंटरनेट तंत्रावर येणारी फोन लाइन. मात्र लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, पोर्टेबिलिटी मोबाइललाच आहे.

मूळ लेखक

टोन बदलला, लाइन सुटायला लागली. डीटीएमएफ केल्यावर नंबरही दिसतोय. दोघांचे मनापासून आभार. जीएसएम बॉक्स परत पाठवतोय. आता प्रश्न एवढाच: सध्याच्याच कंपनीकडून, आहे त्या 0253 नंबरवर, नाशकात कोणी एसआयपी ट्रंक घेतलीय का? किमान किती चॅनल (एका वेळी चालणारे कॉल) घ्यावे लागतात आणि जुनी तांब्याची लाइन बंद होण्याआधी नवी चालू करून देतात का? छाटणीच्या आत हे उरकायचं आहे.