१६७८ चा 'पोपचा कट': भीतीपोटी झाले म्हणून क्षम्य?

गडवाट
१६७८ साली टायटस ओट्सने लंडनमध्ये शपथेवर सांगितले, की जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) लोक प्रोटेस्टंट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मारून त्याचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीवर बसवणार आहेत. असा कट नव्हताच, तो ओट्सच्या डोक्यातून निघालेला. ज्याच्यापुढे त्याने जबानी दिली तो मॅजिस्ट्रेट गॉडफ्री ऑक्टोबरात प्रिमरोझ हिलवर मरून पडलेला सापडला आणि शहराचा धीर सुटला. त्या खुनासाठी ग्रीन, बेरी आणि हिल हे तीन निरपराध फासावर गेले. 'लोक घाबरले होते हो' एवढ्यावर हे प्रकरण मिटवतात, ते मला मान्य नाही. घाबरले लोक, पण फाशी न्यायालयाने दिली.

निळी शाई
पटत नाही. १५७० मध्ये पोपने इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला पदच्युत ठरवून प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले होते. १६०५ मध्ये संसदेखाली कॅथलिक कटवाल्यांनी ठेवलेली बंदुकीच्या दारूची पिंपे सापडली, आणि त्याची आठवण दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये काढली जाई. शिवाय १६७० च्या डोव्हरच्या तहात खुद्द चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून पैसे घेऊन स्वतःला कॅथलिक जाहीर करायचे कबूल केले होते. दरबारात काहीतरी शिजतेय हा संशय बरोबरच होता. बोट मात्र भलत्यांकडे गेले.

गडवाट
डोव्हरचे ते कलम गुप्त होते. ज्यूरीला जे ठाऊकच नव्हते त्याच्या जोरावर तिचा निकाल कसा सावरता?

निळी शाई
कलम गुप्त, खुणा उघड. १६७३ मध्ये टेस्ट कायद्याची (सरकारी पदासाठी कॅथलिक मत नाकारायला लावणारी) शपथ घेण्याऐवजी जेम्सने आरमाराचे पद सोडले, ते सगळ्यांनी पाहिले. जेम्सच्या घरचा चिटणीस कोलमन याची पत्रेही सापडली: लुईच्या धर्मगुरूला लिहिलेली, इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्म पुन्हा आणण्यासाठी पैसा मागणारी. ती काही ओट्सने रचली नव्हती.

रेवदंडा
पत्रे खरी, पण त्यांत राजाच्या खुनाचे अक्षर नाही. त्यापेक्षा १६७९ च्या जूनमधला पाच जेझुइटांचा खटला बघा. ओट्स म्हणाला, २४ एप्रिल १६७८ ला व्हाइट हॉर्स या खानावळीत हे लोक कट करायला जमले आणि मी तिथे होतो. तेव्हा ओट्स आमच्यात होता, हे सांगायला फ्रान्समधल्या सेंट ओमेरच्या कॉलेजातली मुले आली. कॅथलिक म्हणून त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जेझुइट त्या दिवशी खरेच जमले होते, त्यांच्या नेहमीच्या बैठकीला. पण ती भरली होती सेंट जेम्स राजवाड्यात, म्हणजे जेम्सच्याच घरी! ते सांगावे तर जेम्स गोत्यात. पाचही जण ते न सांगता मेले. हे वाचताना आजही माझा जीव कासावीस होतो.

कौलारू
तुम्ही दोघेही राजाला फार सहज सोडताय. ओट्सने राणी कॅथरीनवरही (जिच्या लग्नात मुंबई आंदण आली तीच) नवऱ्यावर विषप्रयोगाचा आरोप केला. चार्ल्स बायकोच्या पाठीशी ठाम उभा राहिला. त्याआधी कौन्सिलमध्ये त्याने स्वतः ओट्सची उलटतपासणी घेतली होती. ओट्स ज्याला भेटल्याचे सांगत होता तो स्पेनचा राजपुरुष डॉन जॉन दिसतो कसा, असे विचारले. ओट्स म्हणाला उंच. चार्ल्स डॉन जॉनला भेटलेला होता, तो बुटका. खोटे पकडूनही हा राजा इतरांना मरू देतो, ते कसे विसरायचे?

निळी शाई
त्याच्या बापाचे मुंडके १६४९ मध्ये उडवले होते. संसदेतला विरोधी नेता शाफ्ट्सबरी याचा गट जेम्सचा वारसाहक्क काढायला टपलेला. माफी दिली असती तर हाही कटात आहे म्हणून रस्त्यावर दंगल पेटली असती.

कौलारू
१६७९ पुरते मान्य करते. पण आयर्लंडमधल्या आर्माघचे कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट? त्यांच्यावरचा खटला आयर्लंडमध्ये उभा राहिना म्हणून त्यांना लंडनला आणले, आणि १ जुलै १६८१ ला टायबर्न या फाशीच्या जागी मारले. त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्सने ऑक्सफर्डची संसद बरखास्त करून शाफ्ट्सबरीला हतबल केले होते. मग त्याला भीती कुणाची होती?

निळी शाई
प्लंकेटबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ज्यूरीबद्दल मात्र मत तेच. राजद्रोहाच्या आरोपीला वकील देण्याचा हक्क कायद्याने १६९६ मध्ये आला. त्याआधी त्या बारा जणांपुढे एकीकडे सरकारी वकील आणि न्यायाधीश, दुसरीकडे तुरुंगातून थेट आणलेला एकटा माणूस. दोष त्या पद्धतीचा जास्त आहे.