मदत हवी आहे: ॲल्युमिनिअम क्लोराइडचं उत्तर २६.७ ग्रॅम येतंय, पुस्तकात १७.८ आहे

गणित असं आहे: ५.४ ग्रॅम ॲल्युमिनिअम आणि १४.२ ग्रॅम क्लोरीन वायू एकत्र तापवले, तर जास्तीत जास्त किती ॲल्युमिनिअम क्लोराइड मिळेल? अणुवस्तुमान २७ आणि ३५.५.

५.४ ÷ २७ = ०.२ मोल. १४.२ ÷ ७१ = ०.२ मोल. दोन्ही सारखेच, म्हणजे काहीच कमी पडत नाही. मग क्लोराइडही ०.२ मोल, गुणिले १३३.५ (एक ॲल्युमिनिअम, तीन क्लोरीन: २७ + ३ × ३५.५) = २६.७ ग्रॅम. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

मोल बरोबर काढलेत. क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून ७१ ने भागलंत तेही योग्य. पण उत्तराचा ताळा बघा: आत गेले ५.४ + १४.२ = १९.६ ग्रॅम, त्यातून २६.७ ग्रॅम निघतील कसे? हा ताळा प्रत्येक गणितात करा, चूक लगेच उघडी पडते.

समीकरण संतुलित न करताच तुम्ही पुढे गेलात. डावीकडे क्लोरीन दोन-दोन अणूंनी येतो, उजवीकडे तीन-तीन लागतात. लसावि ६. म्हणून क्लोरीनचे ३ रेणू, क्लोराइडचे २, आणि त्यासाठी ॲल्युमिनिअमचे २ अणू. आकडा सूत्राच्या आधीच लावायचा. सूत्रातल्या खालच्या आकड्याला हात लावला की पदार्थच बदलतो.

आता मोल सारखे असले तरी गरज सारखी नाही. प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने (समीकरणात त्याच्या आधी लावलेल्या आकड्याने) भागा: ॲल्युमिनिअम ०.२ ÷ २ = ०.१, क्लोरीन ०.२ ÷ ३ = ०.०६७. ज्याचा भागाकार लहान तो लिमिटिंग रिएजंट (आधी संपून अभिक्रिया थांबवणारा), इथे क्लोरीन. वजनाने तो ॲल्युमिनिअमच्या अडीचपटीहून जास्त आहे, तरी आधी तोच संपतो.

क्लोराइड = ०.२ × २ ÷ ३ मोल. इथे ०.१३ असं तोडू नका, उत्तर १७.३६ वर घसरतं. अपूर्णांक तसाच ठेवून १३३.५ ने गुणा: १७.८ ग्रॅम. ॲल्युमिनिअम ०.०६७ मोल, म्हणजे १.८ ग्रॅम उरतं. १७.८ + १.८ = १९.६, ताळा जमला.

प्रश्नकर्ता

कळलं, आभार! ब्युटेनच्या ज्वलनात मात्र ऑक्सिजनचे अणू १३ येतात. विषम संख्या दोनच्या रेणूत कशी बसवायची?

प्रतिसाद २

ब्युटेनमध्ये कार्बन ४, हायड्रोजन १०. आधी कार्बन (कार्बन डायऑक्साइड ४), मग हायड्रोजन (पाणी ५), ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. तो दोन्ही उत्पादितांत असतो, आधी धरलात तर पुन्हापुन्हा खोडावं लागतं. ८ + ५ = १३ अणू, म्हणजे साडेसहा रेणू. अपूर्णांक चालतो! पूर्णांक हवे असतील तर सगळंच दुप्पट करा: २, १३, ८, १०. दुप्पट करताना ब्युटेनसमोरचा २ हमखास राहून जातो, तेवढं बघा. गणितात दोन्हींचं उत्तर एकच: ५.८ ग्रॅम ब्युटेन म्हणजे ०.१ मोल, त्याला ०.६५ मोल ऑक्सिजन, २०.८ ग्रॅम.